स्टॉपवॉच आणि वाफसा

पुण्यात नवी पेठेतल्या एका अभ्यासिकेत माझ्या शेजारी बसणारा एक मित्र होता, त्याच्या टेबलावर कायम एक स्टॉपवॉच असायचं, चायनीज, शंभर-सव्वाशेचं, गळ्यात अडकवायच्या दोरीसकट. बसला की चालू, उठला की बंद. चहाला निघाला तरी बंद, घरून फोन आला तरी आधी टिक करून बंद आणि मग बाहेर. रात्री झोपायच्या आधी त्यावरचा आकडा वहीत उतरवायचा. एकदा अकरा वाजता मी म्हणलं चल भावा, बाहेर दूध पिऊन येऊ, अर्धी अभ्यासिका रिकामी झाली, तर म्हणला थांब, अकरा तास चाळीस मिनिटं झालीत, वीसच राहिलीत. आणि मग ती वीस मिनिटं त्यानं पॉलिटीच्या पुस्तकाचं एकच पान उघडं ठेवून काढली, मी शेजारीच होतो, पान काही उलटलं नाही. बारा तास झाले, मग आम्ही दूध प्यायला गेलो.

हसायचं कारण नाही, मीपण त्याच लायनीतला, एमपीएससीची, म्हणजे महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या अधिकारी भरतीच्या परीक्षांची तयारी करणारा. २०१४ च्या जूनमध्ये बार्शीकडनं पुण्याला गेलो ते २०२१ ला परत आलो, आणि त्या सात वर्षांच्या सात वह्या माझ्याकडं अजून आहेत, रोजचे तास लिहिलेल्या. कुठल्या दिवशी मी किती तास बसलो ते मी आज मिनिटासकट सांगू शकतो, त्या दिवशी मला काय कळलं ते एकाही पानावर नाही.

वेळेचं नियोजन या विषयावर बोलणारे जेवढे म्हणून लोक आहेत, यूट्यूबवाले, क्लासचे सर, गावात सत्काराला आलेले नवे साहेब, ते सगळे सुरुवात तासांपासून करतात. किती वाजता उठता, किती तास बसता, मोबाईल किती वेळ हातात असतो. नवीन काय तर पंचवीस मिनिटं अभ्यास पाच मिनिटं ब्रेक, त्याचंही ॲप. हे सगळं खोटं आहे असं मी म्हणत नाही. माझं म्हणणं एवढंच की हा दुसरा प्रश्न आहे आणि आपण तो पहिला करून ठेवलाय. पहिले प्रश्न दोन, हे कशासाठी आणि कधीपर्यंत. त्या दोनची उत्तरं नसताना टाईमटेबल केलं की ते टाईमटेबल त्या प्रश्नांपासून लपायची जागा होतं. बारा तास भरले ना, मग आजचा दिवस सार्थकी लागला, झोपा.

आता यावर लगेच कोणीतरी बाबासाहेबांचं उदाहरण देणार, दरवर्षी जयंतीला आपल्याकडं कॉलेजांमधून सलग अठरा तास अभ्यासाचा उपक्रम होतो, मीही दोनदा बसलोय आणि चांगला अनुभव असतो तो, एका हॉलमध्ये दोनशे पोरं-पोरी गप वाचत बसलेत हे दृश्यच भारी असतं. पण त्या अठरा तासांतला अठरा हा आकडा आपण उचलला आणि बाकीचं तिथंच ठेवलं. बाबासाहेब १९१३ ला कोलंबियाला गेले ते बडोदा संस्थानच्या स्कॉलरशिपवर, महिन्याला साडेअकरा पौंड आणि मुदत तीन वर्षं. मुदत! वाढवून मिळालेली मुदतही १९१७ ला संपली तेव्हा लंडनचा अभ्यास अर्धा टाकून परत यावं लागलं, बडोद्याला नोकरी, तिथं जे भोगावं लागलं ते सगळ्यांना माहितीय, मग मुंबईत सिडनहॅम कॉलेजात शिकवलं, पैसे साठवले, जानेवारी १९२० मध्ये मूकनायक सुरू केलं आणि त्याच वर्षी परत लंडन. १९२१ ला एमएस्सी, १९२३ ला डीएस्सी, तेही रुपयाच्या प्रश्नावर. म्हणजे मधली तीन वर्षं अभ्यास थांबलेला होता पण काम थांबलेलं नव्हतं, कारण वाचायचं कशासाठी हे ठरलेलं होतं. तास हे त्या ठरण्यातून आले. आम्ही अभ्यासिकेत उलटं करत होतो, आधी तास भरायचे आणि कशासाठी ते मुलाखतीच्या आदल्या आठवड्यात पाठ करायचं.

आणि ते खरंच पाठ करतात बरं का. मी एकदाच मेन्स, म्हणजे मुख्य परीक्षा, काढून मुलाखतीपर्यंत गेलो, त्याआधी मॉक इंटरव्ह्यू दिला, पॅनेलवर एक रिटायर्ड अधिकारी होते, त्यांनी विचारलं उपजिल्हाधिकारी का व्हायचंय. मी धडाधड म्हणून टाकलं, प्रशासनात राहून समाजातल्या शेवटच्या घटकापर्यंत वगैरे वगैरे. ते म्हणले हे आज सकाळपासून सहाव्यांदा ऐकतोय, तुमचं सांगा. माझ्याकडं माझं काही नव्हतं. पाच वर्षं झाली होती तोवर.

रूमवर येऊन रात्रभर डोक्यात तेच. खरं काय होतं सांगतो. आमच्या आबांचा वाटणीचा एक फेरफार, म्हणजे जमिनीच्या नोंदीतला बदल, करायचा होता, त्यासाठी तलाठी कार्यालयात ते कितीतरी खेपा घालायचे, मी आठवी-नववीत असेन, सायकलवर मागं बसून जायचो. भाऊसाहेब नाहीत, आलेत पण मीटिंगला गेलेत, आहेत पण हा कागद आणला नाही. एका खेपेला आबा दुपारभर बाहेर झाडाखाली बसले आणि तसेच परत आले, येताना एक शब्द बोलले नाहीत. माझ्या डोक्यात साहेब व्हायचं तिथनं आलं. आबांसारख्या माणसाला झाडाखाली बसायला लागू नये, इतकं साधं. पण हे कारण मीच विसरून गेलो होतो, पुण्यात आल्यावर त्याच्यावर नोट्स, टेस्ट सिरीज, कट ऑफ, आन्सर की असं इतकं काय काय साचलं की खाली काय होतं ते दिसेना.

आबांचंच घ्या आता. आबांनी आयुष्यात कधी टाईमटेबल केलं नाही पण वेळेचं त्यांना जेवढं कळतं तेवढं मला सात वह्या लिहून कळलं नाही. जून लागला, पाऊस पडला की गावातली उतावळी माणसं लगेच तिफण काढतात, आबा नाही. कृषी खातंही सांगतं की ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, पण आबांचं माप हातात. रानात जायचं, पायाने वरची माती सारायची, खालची मूठभर घ्यायची, दाबून गोळा करायचा आणि खाली सोडायचा. गोळा चिकटून राहिला तर घरी यायचं आणि चहा प्यायचा. फुटला, मोकळा झाला तर वाफसा, म्हणजे रान पेरायला तयार. मग मात्र तहान नाही भूक नाही, अंधार पडला तरी ट्रॅक्टरच्या उजेडात पेरणी, कारण घात चुकली की गेली. वाफसा नसताना आबा दिवसभर पारावर बसलेले असायचे आणि त्यांच्या तोंडावर मी कधी अपराधीपणा बघितला नाही. आम्ही अभ्यासिकेत एक दुपार झोपलो तर रात्री जेवण जायचं नाही!

आणि याच्याही पुढची गोष्ट. पाऊस लांबला की आबा मूग-उडीद सोडून देतात. ठरलेलं असतं, अमुक तारखेपर्यंत आला तर मूग, नाही आला तर सोयाबीन नाहीतर तूर, अजून लांबला तर सूर्यफूल नाहीतर बाजरी. सरकारी भाषेत याला आपत्कालीन पीक नियोजन म्हणतात, आबा काहीच म्हणत नाहीत. पण मूग पेरला नाही म्हणजे आपण शेतकरी राहिलो नाही असं आबांना कधी वाटलं नाही. रान पडीक राहू नये हा त्यांचा हेतू, मूग हे त्या वर्षाचं पीक. आम्ही पिकालाच रान समजून बसलो. डीसी म्हणजे उपजिल्हाधिकारी, नाही तर तहसीलदार, नाही तर कम्बाईन या खालच्या पदांच्या एकत्र परीक्षेतून पीएसआय, कर निरीक्षक (एसटीआय), सहायक कक्ष अधिकारी (एएसओ), असा आमचाही उतरता क्रम होता म्हणा, पण सगळा एकाच आयोगाच्या दारातला, त्या दाराच्या बाहेर आपण कोणीच नाही.

इथपर्यंत वाचून कोणाला वाटेल की हा पोरांनाच उपदेश करतोय. तर नाही, कारण दाराच्या आतल्यांचं वेळेचं नियोजन बघितलंय मी. २०२० ची राज्यसेवा पूर्व ५ एप्रिल २०२० ला होती. आधी कोरोना, मग आरक्षणाचा प्रश्न, मग परत कोरोना, पुढं ढकल पुढं ढकल करत १४ मार्च २०२१ ही तारीख आली. ११ मार्चला, म्हणजे परीक्षेच्या तीन दिवस आधी, पुन्हा पुढं ढकलल्याचं पत्रक. त्या दुपारी मी शास्त्री रोडवर होतो. कोणी बोलावलं नव्हतं, नेता नव्हता, अभ्यासिकांमधनं पोरं खाली उतरली आणि रस्ता भरला. माझ्या शेजारी एक मुलगी उभी होती, ती घोषणा देत नव्हती, नुसती हातातल्या प्रवेशपत्राची घडी घालत होती, उलगडत होती. परीक्षा शेवटी २१ मार्चला झाली. म्हणजे एका पूर्वपरीक्षेला जवळपास एक वर्ष. त्याच कोरोनात यूपीएससीनं आपली ३१ मेची पूर्व एकदा ढकलली आणि ४ ऑक्टोबर २०२० ला घेऊन मोकळी झाली. आणि हे कोरोनापुरतंच होतं असं नाही, २०२४ ला २५ ऑगस्टची पूर्वपरीक्षा बँक भरतीच्या आयबीपीएस परीक्षेच्याच दिवशी आली, पोरं पुन्हा रस्त्यावर बसली तेव्हा ती पुढं गेली, झाली १ डिसेंबरला. आयोग दरवर्षी वेळापत्रक काढतो पण त्याचं नावच अंदाजित वेळापत्रक.

सरकारी कामाला उशीर झाला तर कंत्राटदाराला भाववाढ मागता येते, करारात तसं कलम असतं. पोराचा एक वर्ष उशीर झाला तर कसलं कलम? खोलीचं भाडं, मेस, अभ्यासिकेची फी हे महिन्याच्या महिन्याला चालूच. उमेदवाराचा वेळ फुकट आहे असं धरूनच सगळं चाललंय आणि याबद्दल एकाही वेळेचं महत्त्व सांगणाऱ्या वक्त्याला मी बोलताना ऐकलं नाही, ते सकाळी साडेचारला उठायला सांगतात. साडेचारला उठलेल्या माणसाची परीक्षा अकरा महिन्यांनी होणार असेल तर तो लवकर उठून नक्की काय करतो?

त्या वर्षात कोण टिकलं कोण मोडलं हे मी जवळून बघितलं. तारखेवर टाईमटेबल बांधलेली पोरं सगळ्यात आधी कोसळली, त्यात मी होतो. प्रत्येक नवीन तारखेला नवीन टाईमटेबल, नवीन रंगाचे पेन, तिसऱ्या वेळी पेन उचलवेना. जी थोडी टिकली त्यांच्याकडं परीक्षेशिवाय काहीतरी होतं. एकजण लॉकडाऊनमध्ये गावाकडं झेडपीच्या पोरांना ओसरीवर शिकवायचा, एक बहिणीच्या दुकानाचा हिशेब बघायची. त्यांचे अभ्यासाचे तास आमच्यापेक्षा कमी होते. ते सगळे पास झाले असं मी म्हणणार नाही, नाही झाले, पण ते माणूस म्हणून शाबूत राहिले.

वयाचंही बोललं पाहिजे. २०१६ ला परीक्षेला बसायचं कमाल वय खुल्या गटाला ३३ चं ३८ झालं, मागासवर्गीयांना ३८ चं ४३. मागणी आमचीच होती, आम्ही पेढे वाटले. पार्किन्सन नावाच्या इंग्रजानं १९५५ मध्ये लिहून ठेवलंय की हाताशी जेवढा वेळ असेल तेवढं काम फुगत जातं, ते आमच्या अभ्यासिकेत शब्दशः खरं झालं. तेहतीसला जो थांबला असता तो छत्तीसपर्यंत बसला, आणि अभ्यास तोच, पुस्तकं तीच, फक्त त्याच ओळींखाली तिसऱ्यांदा रेघ. म्हणून मर्यादा परत खाली आणा असं मात्र मी म्हणणार नाही. लग्न, बाळंतपण सगळं उरकून तिसाव्या वर्षी पहिल्यांदा स्वतःसाठी पुस्तक हातात घेणाऱ्या बाया आहेत, आधी कंपनीत राबून मग तयारीला आलेली पोरं आहेत, त्यांना ती पाच वर्षं लाखमोलाची. सरकारची मर्यादा ही शेवटची हद्द आहे, आपली स्वतःची तारीख तिच्या कितीतरी अलीकडं हवी आणि ती लिहून हवी, एवढंच.

आता खरा आक्षेप, जो मला माझ्याच मेव्हण्यानं घेतला. तो म्हणला तुझं अर्थपूर्ण ध्येय वगैरे पोट भरलेल्यांचं, आमच्याकडं पोरगा पोस्ट काढतो ती पगारासाठी, घरासाठी, लग्न ठरण्यासाठी, त्याला हेतू कसला विचारतोस. मला हे पटतं. फक्त माझं म्हणणं, पगार हा हेतू आहेच की! चांगला, खणखणीत हेतू आहे. तो तोंडानं म्हणा. एकदा म्हणलं की हिशेबही करता येतो. मला पुण्यात सरासरी महिन्याला आठ हजार लागायचे, काटकसर करून, वर्षाचे ९६ हजार, सात वर्षांचे पावणेसात लाख, आणि हे फक्त गेलेले, न कमावलेले वेगळेच. हेतू पगार असेल तर तिसऱ्या वर्षीच बँकेची, क्लार्कची, खाजगी काय मिळेल ती नोकरी धरून उरलेल्या वेळात अभ्यास करणं हेच शहाणपण होतं. पण आम्ही तसं केलं नाही, कारण तोंडानं समाजसेवा म्हणायचो, मनात पगार होता आणि त्याच्याही खाली गावातला फ्लेक्स होता. आमच्या फाट्यावर लागतो तो, नव्या पीएसआयचा, वर्दीतला फोटो, हार्दिक अभिनंदन, खाली शंभर शुभेच्छुकांची नावं. त्या फ्लेक्ससाठी मी निदान दोन वर्षं जास्त बसलो, हे आज कबूल करायला काही जात नाही.

२०२१ च्या उन्हाळ्यात परत आलो. आता मार्केट यार्डात एका अडत दुकानात हिशेब बघतो. त्याच वर्षी १५ ऑगस्टपासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली, शेतकऱ्यानं स्वतः मोबाईलवरनं आपल्या रानातलं पीक नोंदवायचं. कल्पना चांगली पण साठीच्या पुढच्या माणसाला ॲप काय उघडतंय, त्यात गट नंबर, क्षेत्र, रानात उभं राहून फोटो, आणि रेंज कधी असते कधी नसते. आबांचं करून दिलं, मग शेजारच्या तात्यांचं, मग रविवारी सकाळी घरासमोर चार माणसं यायला लागली. कोणाचं पीक पाहणी, कोणाला पंधरा रुपयांत डिजिटल सहीचा सातबारा काढून हवा, कोणाच्या फेरफाराचं कुठं अडकलंय ते बघायचंय. महसूल कायदा मी परीक्षेसाठी तीनदा पाठ केला होता, तो असा कामाला येईल असं वाटलं नव्हतं. खरीप-रब्बीच्या नोंदणीच्या दिवसांत दिवस कुठं जातो कळत नाही, बाकीच्या रविवारी मी दुपारी जेवून मस्त झोपतो. वही लिहीत नाही.

म्हणून लगेच मी सुखी झालो वगैरे समजू नका. आमच्या बॅचचा एकजण तहसीलदार आहे, त्याचा गाडीतला फोटो स्टेटसला दिसला की अजून पोटात कालवतं. पगाराचं तर बोलूच नका. आणि माझ्या ओट्यावर येणाऱ्या चार माणसांनी व्यवस्था बदलत नाही, त्याला तहसीलदारच लागतो, तोही झाडाखाली बसलेला माणूस आठवणारा लागतो. त्यामुळं पोरांनी परीक्षा देऊच नये असं माझ्या तोंडी कोणी घालू नका, द्या, जोर लावून द्या. स्टॉपवॉचवाला मित्र अजून पुण्यातच आहे. मध्ये फोन आला होता, तुझ्या वह्या टाकून दिल्यास का म्हणला, मी म्हणलं नाही, म्हणला माझ्या बारा झाल्या.

गेल्या महिन्यात भावकीतला एक पोरगा आला, बीएस्सी झालाय, पुण्याला निघालाय. दादा तुम्ही सात वर्षं काढलीत, मला एक कडक टाईमटेबल करून द्या म्हणला. मी कोरा कागद दिला, वरती डाव्या बाजूला लिही कशासाठी, उजव्या बाजूला लिही कुठल्या तारखेपर्यंत झालं नाही तर परत, मग खाली तास टाकू. डावी बाजू त्यानं लिहिली, त्याला वेळ लागला पण लिहिली, बहिणीचं शिक्षण असं होतं, मला आवडलं. उजव्या बाजूला पेन टेकवून बसला. चहा आला, निवला. त्याची आई आत आमच्या आईशी बोलत होती, पोरगं पुण्याला चाललंय, आता साहेब होऊनच येणार म्हणून, आवाज बाहेर येत होता. त्यानं एकदा आत बघितलं, एकदा कागदाकडं, आणि हळूच म्हणला, "दादा, ही तारीख घरी विचारून लिहू का?"

म्हणलं विचार. कागद घडी घालून खिशात ठेवून गेलाय, अजून काही कळवलं नाही.